मोरीत पाय घसरला

मैत्रिणींनो,

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहोपाड्याच्या बैठकीला नेमाने येणारी एक बाई लागोपाठ दोन बैठकांना आली नाही. तिसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. डावा गाल सुजून काळानिळा झालेला, तोंड धड मिटत नव्हतं, धड उघडत नव्हतं. खालच्या दातांच्या रांगेत मध्येच एक पायरी पडली होती. "मोरीत पाय घसरला, ताई," ती म्हणाली. नवरा दारात उभा होता.

मोरीत पाय घसरून पडणाऱ्या बाईचं डोकं आपटतं, मनगट मोडतं, माकडहाड दुखावतं. उजव्या हाताचा ठोसा मात्र समोरच्या माणसाच्या डाव्या गालावर बसतो. हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. बायकांच्या बैठका घेत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या कुणालाही हे कळतं. पण मी तिथे काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, "उद्या आपण दाखवून येऊ."

गावातल्या दवाखान्यात तिला दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि "सूज उतरली की बरं वाटेल" असं सांगितलं होतं. त्यात आठ दिवस गेले होते. आम्ही एसटीने पनवेलला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, जबडा दोन ठिकाणी मोडल्याचं सांगितलं आणि दातांच्या कॉलेजात जा म्हणाले. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "दातांच्या कॉलेजात कशाला? माझं तर हाड मोडलंय ना?"

तिचा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकींचा असतो, म्हणून आधी त्याचं उत्तर देते. मोडलेला जबडा सांधणं, फाटलेला ओठ-टाळू शिवणं, जबड्यातली गाठ काढणं, दाढेपासून मानेपर्यंत पसरलेला पू काढून जीव वाचवणं, ही कामं ज्या शाखेत येतात तिला मुख आणि जबड्याची शस्त्रक्रिया म्हणतात. डॉक्टर मंडळी तिला ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी म्हणतात. आपल्या देशात ही दंतवैद्यकाची शाखा आहे. आधी बीडीएस, म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग पुन्हा प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षांचं एमडीएस. इंग्लंडमध्ये याच कामासाठी दंतवैद्यक आणि वैद्यक अशा दोन्ही पदव्या घ्याव्या लागतात. आपल्याकडे एमडीएस झालेली व्यक्ती हे काम करते. त्या तीन वर्षांत भूल देणाऱ्यांच्या, सामान्य शस्त्रक्रियेच्या आणि अपघात विभागांत जाऊनही शिकावं लागतं. जबडा दातांवरून जुळवायचा असतो. वरचे-खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसले तरच हाड नीट बसलं असं म्हणतात. म्हणून हे काम दातांच्या डॉक्टरांकडे आलं.

तर आम्ही त्या कॉलेजात गेलो. नवरा बरोबर होताच, तो बाजूला होत नव्हता. एका डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" उत्तर नवऱ्याने दिलं. दुसऱ्यांनी विचारलं, उत्तर पुन्हा नवऱ्याने दिलं. केसपेपरवर लिहिलं गेलं : घरी पडून इजा. दोघेही कामात चोख होते, कुणी वाकडं बोललं नाही. फक्त तिला कुणी विचारलं नाही.

दुपारी एक निवासी डॉक्टर मुलगी आली. एमडीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. डोळे तारवटलेले, रात्रभर जागी असावी. तिने फोटो उजेडाला धरून पाहिला, मग तिचा चेहरा पाहिला, आणि नवऱ्याला म्हणाली, "काका, खाली खिडकीवर पैसे भरून पावती घेऊन या. रांग आहे, वेळ लागेल." तो गेल्यावर तिने पडदा ओढला, स्टूल जवळ घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला कुणी मारलं का? तुम्ही सांगितलंत तर मी ते लिहीन. नाही सांगितलंत तरी उपचार तेच होतील."

आमची मैत्रीण पंधरा दिवसांत पहिल्यांदा रडली.

मैत्रिणींनो, या दोन वाक्यांसाठी मी हे संपादकीय लिहिते आहे. ती वाक्यं कुठल्या पुस्तकात शिकवली जातात, कोण शिकवतं, आणि ती म्हणणारी मुलगी त्या स्टुलापर्यंत कशी पोचते, याचा विचार आपल्या चळवळीने फारसा केलेला नाही.

केसपेपरवरच्या शब्दाचं मोल आधी समजून घेऊ. हाड मोडणं, दात मोडणं किंवा निखळणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं या गोष्टी कायद्याने 'गंभीर दुखापत' ठरतात. जुन्या भारतीय दंडसंहितेत हे कलम ३२० होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ११६ आहे. मोडलेल्या जबड्याचा फोटो कोर्टात बोलतो, पण तो कुणामुळे मोडला हे फोटो सांगत नाही. ते पहिल्या केसपेपरवर लिहिलेलं असावं लागतं. तिथे 'पडून' लिहिलं गेलं की पुढे दोन वर्षांनी वकील तोच कागद तिच्यासमोर नाचवतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने दवाखान्यावरही जबाबदारी टाकलेली आहे. पण जबाबदारी कायद्यात असली तरी ती पार पाडायला पडदा ओढणारं माणूस लागतं.

आणि अशा बायका काही थोड्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. मारणारा हात तोंडाकडेच जातो. तोंडावर मारण्यात नुसतं दुखवणं नसतं, तोंड बंद करणंही असतं. म्हणजे जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग ही आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची जागा आहे. पोलीस चौकीत, सल्ला केंद्रात न येणारी बाई तिथे येते, कारण तिला जेवता येत नसतं.

मुंबईत हे ओळखून २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झालं. महापालिका आणि 'सेहत' संस्था यांनी मिळून ते उभं केलं. सरकारी दवाखान्याच्या आतच पीडित बाईला बसायला, बोलायला, सल्ला घ्यायला जागा मिळाली, आणि डॉक्टर-नर्सना काय बघावं, काय विचारावं याचं प्रशिक्षणही मिळालं. तो अनुभव आता जुना आहे, उपयोगी ठरलेला आहे. दातांच्या कॉलेजांनीही तो उचलायला हवा.

आता त्या मुलीकडे वळू. शस्त्रक्रियेच्या दिवशी व्हरांड्यात मी तिला चहा पाजला. तिच्या तुकडीत ती एकटीच मुलगी. बीडीएसच्या वर्गात मुली मुलांपेक्षा जास्त होत्या, पण या शाखेच्या दारापाशी येईपर्यंत त्या गळत गेल्या. का, ते तिने सांगितलं. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. वाकडे दात सरळ करणं, लहान मुलांचे दात, कवळ्या-रोपणं, हिरड्या, दातांच्या मुळांचे उपचार या शाखा 'मुलींना शोभणाऱ्या'. सकाळी दहाला जावं, सहाला घरी यावं, लग्नानंतर घराखाली दवाखाना काढावा. ओरल सर्जरी ही दंतवैद्यकातली रात्रपाळीची शाखा. अपघाताचा फोन रात्री दोनला येतो. चेहऱ्यातून रक्त वाहत असतं, श्वासाची वाट अडलेली असते. "मुलाखतीला गेले तेव्हा मला विचारलं, लग्न कधी करणार? माझ्याबरोबरच्या मुलाला विचारलं, किती केसेस बघितल्यास?"

ती पुढे म्हणाली ते मला जास्त लागलं. "थिएटरमध्ये मला उभं करतात, ताई. पण गाल ओढून धरायला आणि रक्त खेचायची नळी धरायला. सुरी हातात यायची वेळ आली की, 'तू दमलीस, तू बस.' दयेने म्हणतात. पण शस्त्रक्रिया बघून येत नाही, हाताने येते. तीन वर्षं संपतील आणि पदवीवर दोघांचंही एकच नाव असेल, पण त्याच्या हाताला शंभर जबडे माहीत असतील आणि माझ्या हाताला वीस."

शिक्षण मिळणं आणि शिक्षणात जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला नवं नाही. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत स्वतःचा दातांचा दवाखाना थाटला. त्यांचं नाव आज वेगळ्या इतिहासात घेतलं जातं, पण शंभर वर्षांपूर्वी याच शहरात एक बाई दातांची डॉक्टर म्हणून पाटी लावून बसली होती. दरवाजे उघडून इतका काळ लोटला. आता प्रश्न आतल्या खोल्यांचा आहे. कोणत्या खोलीत बाईला बसवतात, कोणत्या खोलीत नुसतं उभं करतात, आणि पुढे व्याख्याता, प्रपाठक, प्राध्यापक या पायऱ्यांवर ती कुठे थांबते? बाळंतपणात गेलेले महिने कुणाच्या खात्यात जमा होतात? परीक्षक कोण असतात? विभागप्रमुखाच्या खुर्चीमागे भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत बायका किती?

रसायनीच्या बायकांनी याची फिकीर का करावी, असं कुणी विचारेल. आपला भूगोल बघा. आपल्या खालापूर तालुक्यातून मुंबई-पुण्याचा जुना रस्ताही जातो आणि द्रुतगती मार्गही. बोरघाटात आणि चौकच्या पट्ट्यात होणाऱ्या अपघातांत चेहरे फुटतात. दुचाकीवर मागे एका बाजूला बसणाऱ्या, डोक्यावर हेल्मेट नसणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. पाताळगंगेच्या काठी रासायनिक कारखाने आहेत. आपल्या वस्तीचं नावच त्यावरून पडलं. वाड्यांवर आणि वीटभट्ट्यांवर सकाळी मशेरीचा डबा उघडल्याशिवाय कित्येक बायकांचा दिवस सुरू होत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, आणि सुपारी चघळून चघळून तोंड उघडेनासं झालेल्या बाया मी स्वतः पाहिल्या आहेत. तोंडात घास जाईल एवढीही फट राहत नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारं तोंडातलं व्रण, हलायला लागलेला दात ही कॅन्सरची सुरुवात असू शकते, आणि ती उजेडात नुसतं तोंड उघडून दिसते. केरळात तिरुवनंतपुरमला हजारो लोकांची तोंडं अशी डोळ्यांनी तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू तपासणीमुळे कमी झाल्याचं दिसलं.

या सगळ्या कामाची माणसं आपल्यापासून फार लांब घडत नाहीत. कामोठे, खारघर, नेरूळ या पट्ट्यात दंत महाविद्यालयं आहेत. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि १९३३ साली सुरू झालेलं नायरचं आहे. तरी आमच्या मैत्रिणीला तिथे पोचायला पंधरा दिवस लागले, कारण मोडलेला जबडा कुठे न्यायचा हे गावात कुणाला माहीतच नव्हतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. बाई डॉक्टर झाली की आपोआप बाईची बाजू घेते, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर ती आपली फसवणूक होईल. २२ मे २०१९ रोजी मुंबईत नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने जीव दिला. स्त्रीरोग विभागात ती पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिचा जातीवरून छळ केल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे त्या तिच्या तीन वरिष्ठ डॉक्टर बायकाच आहेत. आपल्या कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरची एखादी मुलगी उद्या एमडीएसला पोचली तर तिला काय ऐकावं लागेल, हा प्रश्न पायलच्या आईने आपल्या सगळ्यांपुढे ठेवला आहे. आणि ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या निवासी डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. छत्तीस तासांच्या पाळीत जरा पडायला तिला सुरक्षित खोली नव्हती. त्यानंतर एका ओळखीच्या बापाने मला सांगितलं, "म्हणूनच मुलीला रात्रपाळीची लाइन नको." मी त्यांना म्हटलं, "मुलीला नको, की रात्रपाळीला कुलूप लागणारी खोली हवी?" ते गप्प बसले. हा प्रश्न आपण प्रत्येक घरात विचारायला हवा.

म्हणून आपलं मागणं 'जास्त मुली घ्या' एवढ्यावर थांबू नये.

पहिलं, ओरल सर्जरीच्या प्रत्येक विद्यार्थिनीने आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने कोणत्या शस्त्रक्रिया केल्या, याची नोंदवही असते. ती मुलगे-मुली अशी वेगळी मांडून विद्यापीठाने पाहावी. कुणाला नुसती नळी धरायला ठेवलं ते आपोआप दिसेल.

दुसरं, जबडा मोडून आलेल्या प्रत्येक बाईला एकटीला घेऊन विचारणं हा अभ्यासाचा भाग व्हावा, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न यावा. परीक्षेत येतं तेच शिकलं जातं. हे मुलग्यांनीही शिकायचं आहे. त्या दोन डॉक्टरांना कुणी शिकवलं असतं तर पडदा त्यांनीही ओढला असता.

तिसरं, निवासी डॉक्टरांना कुलूप लागणारी खोली, स्वच्छतागृह, माणसाला झेपतील एवढे कामाचे तास, आणि जात-लिंगावरून छळ झाल्यास विभागप्रमुखाच्या हाताबाहेरची तक्रार समिती.

चौथं, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत या शाखेची पदं. तीन वर्षं जबडे सांधायला शिकलेली मुलगी सरकारी नोकरी नाही म्हणून अक्कलदाढा काढत दवाखान्यादवाखान्यांत फिरते, आणि अपघात झालेला माणूस कर्जतहून मुंबई गाठतो, हे दोन्हीकडून नुकसान आहे.

आणि पाचवं आपल्या स्वतःसाठी. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने एका बैठकीत उजेडात एकमेकींची तोंडं बघावीत. मशेरी लावणाऱ्या बाईला हिणवू नये. चट्टा दिसला तर तिच्याबरोबर दवाखान्यात जावं. जवळच्या दंत महाविद्यालयाचा पत्ता आणि ओपीडीची वेळ गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. आणि मार खाऊन आलेल्या बाईबरोबर जाताना नवऱ्याला पावतीच्या रांगेत उभं करायचं काम आपण करावं. ते डॉक्टरवर कशाला सोडायचं?

शेवटी आमच्या वस्तीतल्या एका मुलीबद्दल. तिने बीडीएस पूर्ण केलं आहे, एमडीएसच्या प्रवेशपरीक्षेत तिला बरे गुण आहेत. बापाचा कारखाना बंद पडल्यापासून घर आईच्या शिवणयंत्रावर चालतं. खाजगी कॉलेजची फी लाखांच्या घरात, म्हणून सरकारी जागा मिळाली तरच पुढे शिकता येणार. मामा म्हणतो, कवळ्यांचं शिक, मुलगा लवकर मिळेल. तिला ओरल सर्जरी हवी आहे. परवा ती माझ्याकडे आली होती. मी तिला काही उपदेश केला नाही. तिला आमच्या मैत्रिणीकडे घेऊन गेले.

मैत्रीण सध्या माहेरी असते. तक्रार नोंदवली आहे, तारखा पडताहेत, निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. केसपेपरवर मात्र नंतर खरं लिहिलं गेलं आहे, त्यावर तारीख आहे, सही आहे. जबड्यात दोन प्लेटा बसवल्या आहेत. कित्येक आठवडे तिने नुसती पेज आणि डाळीचं पाणी घेतलं. आम्ही गेलो त्या दिवशी ती तांदळाची भाकरी खात होती, जरा सावकाश, उजव्या बाजूने. या मुलीने जवळ जाऊन विचारलं, "मावशी, तोंड उघडून दाखवता?" तिने उघडलं. मुलीने बोटं आडवी धरून माप घेतलं. तीन बोटं आत जात होती. "नीट बसलाय जबडा," ती म्हणाली, "छान केलंय काम."

मैत्रीण हसून म्हणाली, "पोरगीने केलं ना. मोठे साहेब बाजूला उभे होते. मी भूल द्यायच्या आधी सांगितलं होतं, हिच्याच हातून करा."

हे मला तोवर माहीत नव्हतं. ज्या मुलीच्या हातात सुरी द्यायला विभाग कचरत होता, ती सुरी मोडलेल्या जबड्याने जेमतेम बोलणाऱ्या एका बाईने मागून दिली होती.

वर लिहिलेल्या पाच मागण्यांवर तुमच्या गटात बोला. काय ठरलं ते, आणि तुमच्या भागात मोडलेले जबडे कुठे जातात ते, आम्हाला कळवा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांना जागा राखून ठेवली आहे.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने, रसायनी